तिकडचा उजेड

सकाळची एसटी नुकतीच गावातनं निघून गेली होती. बाळाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तेवढ्यात जर्मनीहून तिच्या पोराचा, मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. फोन तिनं पाण्याच्या पिंपाला टेकवून उभा केला. मिलिंदच्या डोक्यावर कानटोपी होती, अंगात जाड स्वेटर होता. चहा झाला का, आबांचा गुडघा काय म्हणतो, असं नेहमीचं बोलणं चाललं होतं. बोलता बोलता तो जरा वळला आणि त्याच्या गालावर लख्ख ऊन पडलं.

बाळाबाईचा हात शेंगेवरच थांबला.

"मिल्या, तिकडं उजाडलं व्हय रं एवढ्यात?"

"आं? हां... उजाडलं की." मिलिंदनं घाईघाईनं फोन दुसरीकडं फिरवला. आता त्याच्या मागं नुसती पांढरी भिंत दिसत होती. "आई, ठेवतो. रात्रपाळी करून आलोय, डोळे मिटायला लागलेत."

फोन बंद झाला. बाळाबाई काळ्या पडलेल्या काचेकडं बघत बसली. जर्मनीचं घड्याळ आपल्या मागनं चालतं, हे दीपमालानं, तिच्या सुनेनं, तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आपल्याकडं चहा-भाकरी होते तेव्हा तिकडं माणसं गाढ झोपेत असतात. त्यात हे थंडीचे दिवस. नात यशू शाळेला निघते तेव्हासुद्धा रस्त्यावरचे दिवे जळत असतात, असं दीपमाला परवाच म्हणाली होती. मग पोराच्या गालावर हे ऊन कुठलं पडलं?

दीपमाला जतकडची. मिरजेला नर्सिंग शिकली, लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या या गावात आली आणि तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नोकरीला लागली. दोन वर्षं सांगलीला हेलपाटे घालून तिनं जर्मन भाषा शिकून घेतली आणि तिकडच्या एका दवाखान्यात जागा मिळवली. मिलिंदचं इस्लामपुरात पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की माणसं ती सायकलला, गाडीला, जमेल तशी बांधून त्याच्याकडं आणत. बायकोच्या नोकरीसाठी त्यानं ते चालतं दुकान बंद केलं. गावानं विहारात निरोपाचा कार्यक्रम केला, स्टँडवर फ्लेक्स लागला. नोकरी दीपमालाची, पण फ्लेक्सवर मोठा फोटो मिलिंदचा आणि सुनेचा खाली कोपऱ्यात. दीपमाला ते बघून नुसती हसली होती.

पहिले काही महिने रोज संध्याकाळी तिघंही एका फोनमध्ये दाटीवाटीनं बसून बोलायची. काय सांगू आणि काय नको असं त्यांना व्हायचं. तिकडं कचऱ्याला चार रंगांच्या पेट्या असतात आणि चुकीच्या पेटीत साल टाकली तर खालच्या मजल्यावरची म्हातारी दार वाजवून सांगायला येते. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा लागला की माणसं खांबासारखी उभी राहतात. दीपमालानं हौसेनं लसणाची फोडणी घातली तर छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही बोंबलला, की सगळी इमारत जिन्यात येऊन उभी.

"आन् मग?" बाळाबाईनं डोळे मोठे करून विचारलं होतं.

"मग काय, पप्पा स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालत होते!" यशू हसून हसून लोळत होती.

एकदा रविवारी मिलिंदनं भिंतीत खिळा ठोकला तर शेजाऱ्यानं पोलिसांत जायची भाषा केली. रविवारी तिकडं आवाज करायचा नाही म्हणे. शाळेच्या पहिल्या दिवशी यशूला तिच्याएवढाच मोठा रंगीत कागदाचा शंकू मिळाला, आत खाऊच खाऊ. "शाळेत जायचं म्हणून लाडू देत्यात व्हय? आमाला तर मास्तरची छडी मिळायची," असं तिचा आजा, बाळाबाईचा नवरा जालिंदर म्हणाला होता. तो एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते तिकडं कुणी हॉर्न वाजवत नाही याचं. "गाड्या चालवत्यात का ढकलत्यात?" असं त्यानं मिलिंदला विचारलं होतं.

दिवाळीनंतर मात्र ही दाटीवाटी संपली. दीपमाला आणि यशू संध्याकाळी बोलायच्या आणि मिलिंद एकटाच सकाळी बोलायचा. त्याला एका गोदामात काम लागलंय, पाळी रात्रीची, असं दोघंही सांगायची. बाळाबाई ते धरून चालली होती. आता उन्हाचा कवडसा डोळ्यांत गेल्यावर तिला एकेक गोष्ट खुपायला लागली. पोरगा रविवारीसुद्धा घरी कसा दिसत नाही? मिलिंद बोलतो तिथं भिंतीला ओल आलेली, दीपमालाच्या घरात भिंती कशा गुळगुळीत.

दोन दिवसांनी परत त्याचा फोन आला तेव्हा ती कान देऊन बसली. मधेच त्याच्या डोक्यावर धाडधाड असा आवाज झाला. मिलिंदची नजर वर गेली.

"काय रं ते?"

"काय नाही. छपरावरनं बर्फ घसरला."

"बर्फ? आसा नाचत घसरतोय?"

"आई, तू पण ना," मिलिंद हसला, पण ते हसणं ओठांच्या पलीकडं गेलं नाही.

बाळाबाईनं जालिंदरला गाठलं. तो ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होता.

"आवं, पोरगं तिकडं घरात न्हाई. सुनंनं भाईर काढलंय त्येला."

"तुला संशयाचं याड लागलंय."

"मग रविवारी कुटं असतोय त्यो? दोगांचं बिनसलंय. ही कमावती, ह्यो रिकामा. कोण ठेवून घील?"

"बिनसलं आसतं तर सून तुज्याशी रोज बोलली आसती का?"

हे खरं होतं. पण बोलतानाही दीपमाला हल्ली बाळाबाईच्या डोळ्यांकडं बघत नव्हती, हे जालिंदरच्या लक्षात येणार नव्हतं. ते पुरुषांच्या लक्षात येत नाही.

त्या संध्याकाळी दीपमाला चहा करत होती आणि फोन यशूच्या हातात होता. बाळाबाईनं आवाज गोड केला. "यशू, तुजं नवं बूट दाव की गं मला."

यशू पळत दारापाशी गेली. तिकडं घरात पादत्राणं घालत नाहीत, सगळ्यांचे बूट दाराशी एका फळीवर ठेवतात, हे बाळाबाईला ठाऊक होतं. यशूनं आपले लाल बूट दाखवले. शेजारी दीपमालाचे पांढरे बूट होते. पलीकडची फळी मोकळी होती.

"आन् पप्पाचं गं?"

"पप्पांचे..." तिनं मागं वळून बघितलं. दीपमालाचा हात आला, फोन तिच्याकडं गेला. "आई, ते बूट घालूनच गेलेत कामावर."

"समदं बूट घालून गेला व्हय? चपला बी?"

दीपमालानं शेगडीकडं वळून बघितलं. मग म्हणाली, "आई, चहा उतू जातोय," आणि फोन ठेवला.

त्या रात्री बाळाबाईला भाकरी गोड लागली नाही. तरी आतापर्यंत तिचा संशय सुनेपुरता होता. त्याला दुसरी वाट फुटली ती कृष्णातमुळं. गावचाच कृष्णात टेम्पो चालवायचा; हंगामात पाचगणीहून स्ट्रॉबेरी भरून इस्लामपूर-सांगलीच्या बाजारात उतरवायचा. एक खोकं त्यानं जालिंदरला द्यायला आणलं आणि ओट्यावर टेकला.

"काकू, एक इचारू? मिलिंददा आलाय का गावाकडं?"

"न्हाई बा. का रं?"

"न्हाई म्हंजी... पाचगणीच्या बाजारात एक माणूस बघितला. हुबेहूब त्योच. वायरच्या दुकानातनं तांब्याची तार घिऊन निगाला हुता. मी 'मिलिंददा' म्हणून हाक मारली, तर टोपी खाली वढली आन् गर्दीत गेला की. दुसरा कोण आसंल तर वळून तरी बघंल का न्हाई?"

बाळाबाईच्या हातातली स्ट्रॉबेरी तशीच राहिली. ऊन, धाडधाड वाजणारं छप्पर, ओली भिंत, सगळं एका झपाट्यात आपापल्या जागी येऊन बसलं. छपरावर नाचतं ते बर्फ नव्हे, माकड. आयुष्यात एकदाच अंगणवाडीच्या बायकांच्या सहलीला ती पाचगणीला गेली होती, तेव्हा माकडांनी तिची डब्याची पिशवी पळवली होती.

पोरगा इथंच होता. बायको-पोरीला साता समुद्रापार सोडून, आईबापाला फसवून, शंभरेक मैलांच्या आत येऊन राहिला होता. कशासाठी? बाळाबाईला याचं एकच उत्तर सुचलं आणि ते सुचल्यावर तिला अंगणात उभं राहवेना. माणूस घर सोडून गुपचूप दुसऱ्या गावी राहतो तो दुसरं घर मांडायलाच.

"उद्या पाचगणीला जायचं," तिनं जालिंदरला सांगितलं.

"गुडगा—"

"गुडगा घिऊनच चला."

जालिंदरनं तेलाची बाटली पिशवीत टाकली. गावात काय सांगायचं म्हणून दोघांनी दवाखान्याचं नाव केलं. पोरानं खोटं बोलायला लावलं, या विचारानं बाळाबाईचा राग आणखी चढला.

कराड मागं पडलं, सातारा आलं. साताऱ्याला गाडी बदलली. वाई सोडून पसरणीचा घाट लागला तसा जालिंदर खिडकीकडं सरकला. या घाटात त्यानं उमेदीची वर्षं गाडी चढवली होती. ड्रायव्हरनं वळणावर गिअर उशिरा टाकला की त्याचा पाय आपसूक दाबला जायचा. बाळाबाईला ना घाट दिसत होता, ना खालचं धरणाचं पाणी. ती मनातल्या मनात भांडत होती. कधी मिलिंदशी, कधी दीपमालाशी, आणि जास्त करून एका बाईशी, जिचं तोंड तिनं अजून बघितलं नव्हतं.

"आवं, लहान लेकरू बी आसलं तर?"

"कुणाला?"

"त्येला. हितं."

"बाळा," जालिंदर हळू आवाजात म्हणाला, "दिवाळीपास्नं आतापतूर लेकरू हुत न्हाई."

"दिवाळीपास्नंच कशावरनं?"

एकदा संशय धरला की मागचे दिवससुद्धा गढूळ होतात. लग्नाआधी मिलिंद दुकानाच्या मालासाठी साताऱ्याकडं जायचा, तेही आता बाळाबाईला आठवायला लागलं होतं.

पाचगणीच्या बाजारात गार वारा सुटला होता. पर्यटकांची गर्दी, मक्याची कणसं, चपलांची दुकानं. वायरचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. गल्ल्यावर सद्दाम नावाचा तरणा दुकानदार होता. जालिंदरनं विचारलं, "मोटारी भरणारा कुणी नवा माणूस आलाय का हितं? उंच, सावळा."

"मिलिंदभाऊ? आला ना. लय हुशार माणूस. हॉटेलवाल्यांच्या मोटारी आधी वाईला पाठवाव्या लागायच्या, आता इथंच होतात." सद्दामनं रस्त्याकडं बोट केलं. "सरळ जावा, शाळेची भिंत संपली की उजवीकडं. जैनब मॅडमच्या आवारात राहतोय."

"कोण मॅडम?" बाळाबाईनं विचारलं.

"जैनब मॅडम. त्यांचीच जागा आहे. एकट्याच असतात."

बाळाबाई पदर खोचून चालायला लागली. जालिंदरला गुडघ्यामुळं तिला गाठता येईना. शाळेची लांबच लांब दगडी भिंत संपली, उजवीकडं सिल्व्हर ओकच्या झाडांत एक जुना बंगला आणि त्याच्या मागं पत्र्याची खोली दिसली. पत्र्यावर दोन माकडं एकमेकांच्या उवा काढत बसली होती. खोलीच्या दाराशी मिलिंदच्या चपला होत्या. त्यांना लागूनच बायकी चपला होत्या, काळ्या, मऊ तळाच्या.

आतनं बाईचं हसणं ऐकू आलं. मग मिलिंदचा आवाज. काय बोलत होता ते कळेना, पण आर्जव केल्यासारखा बोलत होता.

बाळाबाईनं कडी वाजवली नाही. दार ढकललं.

खोलीत एक टेबल होतं, त्यावर उघडलेली मोटार आणि तारेचं बंडल. भिंतीला फळा. फळ्यापाशी सत्तरीला टेकलेली एक बाई खडू घेऊन उभी होती. पांढऱ्या केसांवर ओढणी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आणि समोर लहान पोरासारखा बाकावर बसलेला मिलिंद. त्यानं आईला बघितलं आणि उठून उभा राहिला.

"ही कोण?" बाळाबाईनं विचारलं. विचारता विचारताच आपण काय विचारतोय ते तिला कळलं, पण माघार घ्यायला उशीर झाला होता.

"मी जैनब," बाई म्हणाली. तिला सगळं लगेच समजलं असावं, कारण तिनं खडू ठेवला, हात झटकले आणि शांतपणे म्हणाली, "याची मास्तरीण. तुम्ही आई ना? बसा. तुमच्या मुलाला मी पहिल्या दिवसापासून सांगतेय की घरी कळव. ऐकत नाही. मी चहा घेऊन येते." आणि ती बाहेर पडली. दारात धापा टाकत आलेल्या जालिंदरला तिनं नमस्कार केला.

बाळाबाईनं मग मिलिंदच्या दंडावर एक जोरात चापटी मारली. लग्न झालेल्या पोरावर तिनं पहिल्यांदाच हात उचलला होता.

"बर्फ घसरला व्हय रं? बर्फ?"

जालिंदर बाकावर टेकला आणि गुडघा धरून म्हणाला, "बोल आता. आईला म्हायती न्हाई आन् मला बी. काय झालं तिकडं?"

मिलिंदनं मोटारीतली एक तार बोटाला गुंडाळली. मग बोलायला लागला तेव्हा थांबला नाही.

तिकडं गेल्यावर त्याला वाटलं होतं, मोटार सगळीकडं सारखीच फिरते. हाताला कला आहे, काम मिळेल. पण तिकडं परीक्षा दिल्याशिवाय आणि त्यांची भाषा आल्याशिवाय साधं बटण बसवायलाही कुणी हात लावू देत नाही. भाषेच्या वर्गात बसला तर आजूबाजूला विशीतली पोरं, आणि शिकवणारी बाई जर्मन शिकवायची ती जर्मनमधूनच. तो नुसता मान हलवायचा. घरी येऊन भांडी घासायचा, यशूला शाळेतनं आणायचा. त्याची त्याला लाज वाटत नव्हती, हे त्यानं दोनदा सांगितलं. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटली.

"दिवाळीच्या आधी यशूला ताप आला, आई. दीपाची ड्यूटी होती. मी तिला घेऊन डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरनं विचारलं काय होतंय. मला काही सांगता येईना. कधीपासून ताप आहे, उलटी झाली का, काही सांगता येईना. मी हातानं दाखवत होतो. तर यशूच बोलायला लागली. एकशे दोन ताप, अंग भाजत होतं, आणि ती पोरगी स्वतःचा आजार स्वतः सांगत होती. डॉक्टर माझ्याकडं बघतच नव्हता, तिच्याकडंच बघत होता. आणि बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, 'पप्पा, तुम्ही घाबरू नका, मी आहे ना.'"

जालिंदरनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"सहा वर्षांची आहे ती," मिलिंद म्हणाला. "त्यानंतर शाळेत बाईंनी बोलावलं की ती आधीच सांगायची, पप्पा, तुम्ही बोलू नका, मी बोलते. दुकानात मी बोलायला लागलो की माझा हात ओढायची. मला तिथं राहवेना. दीपाला सांगितलं, मी जातो, भाषा शिकून येतो. मराठीतनं कुणी समजावून सांगितलं तर मला येईल. तिच्या सांगलीच्या सरांनी जैनब मॅडमचं नाव दिलं. मॅडम इथल्या शाळेत परदेशी भाषा शिकवायच्या."

"मग घरी का न्हाई आलास? सांगलीला जाऊन शिकला आसतास," बाळाबाई म्हणाली.

"कसा येऊ? स्टँडवर फ्लेक्स लावला होता माझा. चार महिन्यांत परत आला म्हटल्यावर गाव काय म्हणलं असतं? दीपानं हाकलला म्हणाले असते."

गाव काय म्हणालं असतं ते बाळाबाईला चांगलं ठाऊक होतं. गावाच्या आधी ती स्वतःच म्हणाली होती.

जैनब मॅडमनी चहा आणला. कपबशा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मुलगा कच्चा नाही हो. पण बोलायला घाबरतो. लिहायला सांगा, लिहील. तोंड उघडताना चूक होईल म्हणून गप्प बसतो. चुकल्याशिवाय भाषा येते का?"

बाळाबाईनं चहाचा घोट घेतला. तिचा राग उतरला होता, पण संशय पुरता गेला नव्हता. तिनं मिलिंदला फर्मावलं, "फोन लाव दीपाला. माज्यासमोर."

तिकडं दुपारच्या आधीची वेळ होती, शाळेला सुट्टी होती. फोन यशूनं उचलला. एका चौकटीत आजी, आजोबा आणि पप्पा बघून तिचे डोळे गोल झाले.

"आजी! तुम्ही पप्पांकडं कशा गेलात? ते तर सिक्रेट होतं!"

"सापडलं तुजं शिक्रेट," बाळाबाई म्हणाली. "आता ह्यो तुज्या भाषंत बोलणार हाय. तू ऐक आन् मला सांग, खरं शिकलाय का नुस्ती थाप हाय."

मिलिंदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मग त्यानं यशूला काहीतरी विचारलं, अडखळत, एकेक शब्द चाचपडत. यशूनं ऐकलं आणि फिस्सकन हसली. मिलिंद गप्प झाला. बाळाबाईला वाटलं, संपलं. पण पोरीनं एक शब्द दुरुस्त करून सांगितला आणि लगेच त्याच भाषेत भराभर उत्तर द्यायला लागली. मिलिंदनं "सावकाश" म्हणून हात केला. ती सावकाश बोलली. त्यानं परत काही विचारलं. बापलेक असे बोलत राहिले आणि खोलीतल्या कुणाला, मॅडम सोडून, त्यातलं अक्षर कळलं नाही. बाळाबाई शब्दांकडं बघतच नव्हती. ती यशूच्या तोंडाकडं बघत होती. पोर मधेच मराठीवर आली नाही.

मग दीपमाला फोनवर आली. तिचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते; रात्रपाळी करून आली होती.

"आई, मला माफ करा. बुटांचं विचारलंत तेव्हाच मला कळलं, तुम्ही शोधून काढणार."

"तू एकटी पोरीला कशी सांबाळतीस? रात्री ड्यूटी आसली तर?"

"खालच्या आजी सांभाळतात. कचऱ्यावरनं भांडायच्या ना, त्याच. यशू त्यांच्याकडं झोपते."

बाळाबाई फोन घेऊन बाहेर सिल्व्हर ओकखाली गेली. आता जे विचारायचं होतं ते पोरासमोर विचारण्यासारखं नव्हतं.

"दीपा, खरं सांग. त्येला तू जा म्हणालीस का त्यो आपणहून आला?"

"आपणहून आले. पण मी अडवलं नाही. घरात दिवसभर अंधारात बसायचे, आई. मी दमून आले की त्यांच्याकडं बघून अजून दमायचे. ते निघाले तेव्हा मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. आणि आता ते परत यावेत का, हे माझं मलाच कळत नाही."

बाळाबाईचा पहिला संशय सगळाच खोटा नव्हता तर. पण ज्या सुनेवर तिनं तो धरला होता, ती ही नव्हती. ही कुणालाही बाहेर न काढता एकटी पडलेली पोरगी होती आणि वर नवऱ्याची अब्रू झाकायला रोज सासूशी खोटं बोलत होती.

"त्येला परीक्षा तर दिऊ दे," शेवटी ती म्हणाली. "मग तुजं तू ठरीव. मी तुला काय म्हणायची न्हाई. कुणाला म्हणू बी द्यायची न्हाई."

पलीकडं दीपमाला रडायला लागली. बाळाबाईनं फोन कानाशी धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मिलिंदला घेऊनच दोघं गावी आली. स्टँडवर उतरल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, तसं चहाच्या टपरीवरनं दादासोनं विचारलं, "काय मिलिंदराव, लवकर परत?"

मिलिंद काही जुळवाजुळव करायच्या आधी जालिंदर म्हणाला, "भाषा कच्ची हुती. शिकाय आलाय. पास झाला की जाईल." त्यापुढं कुणाला काही विचारता आलं नाही. ज्यांनी कुजबुजायचं त्यांनी कुजबुजलं. दोन आठवडे ते चाललं आणि मग कारखान्याच्या निवडणुकीचं वारं आलं.

मिलिंद पाचगणीला परत गेला, या वेळी सांगून. पुण्यात परीक्षा दिली, पण बोलण्याच्या भागात नापास झाला. मॅडमनी त्याला फळ्यापासून उठवलं आणि बाजारात नेऊन मोटारीचं एकेक काम जर्मनमधून सांगायला लावलं. सद्दामला काही कळत नव्हतं, पण तो सगळ्याला हो म्हणायचा. दुसऱ्या खेपेला मिलिंद पास झाला. व्हिसाची मुदत संपायच्या थोडं आधी तो गेला. दीपमाला विमानतळावर आली नव्हती, तिची ड्यूटी होती. यशू खालच्या म्हातारीबरोबर आली होती.

पुढं उन्हाळ्यात त्याला एका वीजतंत्र्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून जागा मिळाली. बाळाबाई रोज संध्याकाळी फोन करते. तिघं एका फोनमध्ये असतात, कधी दोघंच असतात. दोघंच असली की ती विचारते, तिसरं कुठं आहे, आणि फोन सगळ्या घरातनं फिरवून दाखवायला लावते. जालिंदर तिला हसतो.

एकदा मिलिंद आणि यशू सायकलवरनं बाहेर गेले होते आणि दीपमाला एकटीच भाजी चिरत बसली होती. बाळाबाईनं आवाज उतरवला.

"आता दोगंच हाय आपण. बरं चाललंय न्हवं?"

दीपमालानं चिरता चिरता वर बघितलं. या वेळी तिनं नजर चुकवली नाही.

"भांडतो आम्ही, आई. लय भांडतो. आधी भांडतसुद्धा नव्हतो."